दिसते फोल्डर, असते सामानघर

‘अगं, मी काही पुसलं नव्हतं. फक्त नाव बदललं!’

इंदूरहून मामांचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. आवाजावरूनच कळले, की काहीतरी बिनसले आहे.

मामांचे वय ७८. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम मनाशी धरले होते. घरातले जुने अल्बम आणि ट्रंकेतले सुटे फोटो एका स्टुडिओतून स्कॅन करून घ्यायचे आणि प्रत्येक फोटोला नाव द्यायचे. फोटोत कोण कोण आहे, तो कुठे काढला, साधारण कोणत्या साली, हे सारे फाईलच्या नावातच मराठीत टाईप करायचे. कऱ्हाडच्या वाड्यातला गणपती, मावशीचे डोहाळजेवण, आजोबांची पहिली सायकल... असे २,६०० फोटो. दोन हिवाळे रोज संध्याकाळी मामा हेच करीत बसले होते.

त्यांचा संगणक जुना, डिस्क भरत आलेली. म्हणून सुटीत गेले असताना मी ते सारे फोटो ‘क्लाऊड’मध्ये हलवले आणि मामांच्या संगणकावर त्याचा एक ड्राइव्ह करून दिला. सी, डी आणि आता झेड. झेडवर टिचकी मारली की फोल्डर उघडते, फोटो दिसतात. मामा खूश, मीही खूश.

त्या रात्री मामांनी ‘जुने फोटो’ या फोल्डरचे नाव बदलून ‘कऱ्हाडचे घर’ असे केले. एरवी क्षणात होणारे काम बराच वेळ चालले आणि मध्येच वीज गेली. वीज आल्यावर पाहतात तो झेडवर दोन फोल्डर! नवे उघडले, त्यात फोटो होते. मामांना वाटले, काम झाले, जुने तसेच चुकून मागे राहिले आहे. त्यांनी ते पुसून टाकले. नंतर मोजले तेव्हा नव्या फोल्डरात १,४८० फोटो निघाले. उरलेले १,१२० गेले होते.

‘मामा, रीसायकल बिनमध्ये बघितलंत का?’

‘बघितलं गं. तिथे काहीच नाही.’

मी डोक्याला हात लावला. कारण चूक मामांची नव्हती, माझी होती. मी त्यांना कपाट म्हणून जे दाखवले, ते कपाट नव्हतेच. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण संगणकाच्या पडद्यालाही लागू पडते. आज त्याविषयीच बोलू.

आपले कपाट आणि त्यांचे सामानघर

संगणकावर फाईली आणि फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला फाईल मॅनेजर म्हणतात. विंडोजमधला ‘फाईल एक्सप्लोरर’ आणि मॅकवरचा ‘फाइंडर’ हे आपल्या रोजच्या ओळखीचे. हा फाईल मॅनेजर आपल्या डिस्कवर काम करतो तेव्हा ती डिस्क म्हणजे घरातले कपाट समजा. फोल्डर म्हणजे त्यातला कप्पा. कप्प्याचे नाव बदलायचे म्हणजे त्यावरची चिठ्ठी बदलायची. आतल्या कपड्यांना हातही लावावा लागत नाही. आत दहा फाईली असोत की दहा हजार, काम चुटकीसरशी होते.

क्लाऊडमधले ‘ऑब्जेक्ट स्टोरेज’ हा प्रकार निराळा. अमेझॉन कंपनीने मार्च २००६ मध्ये ‘एस थ्री’ या नावाने अशी सेवा सुरू केली. पुढे बॅकब्लेझ, वसाबी, क्लाऊडफ्लेअर अशा इतर कंपन्यांनीही तशाच सेवा काढल्या आणि एस थ्रीची बोली आपल्याकडेही चालेल अशी सोय केली. म्हणून एस थ्रीशी बोलता येणारा प्रोग्रॅम या बाकीच्यांशीही बोलू शकतो. वेबसाइटवरची चित्रे, व्हिडिओ, कंपन्यांच्या नोंदींच्या प्रती असा अफाट माल अशा जागी ठेवलेला असतो. जितके ठेवाल तितक्याचे पैसे, अशी पद्धत असल्यामुळे घरगुती संग्रहासाठीही काही जण ती वापरू लागले आहेत.

आता रेल्वे स्टेशनवरचे सामानघर डोळ्यांसमोर आणा. आपण खिडकीत बॅग देतो, तिला चिठ्ठी बांधली जाते, आपल्याला पावती मिळते. पावती दाखवली की बॅग परत. पण आत शिरून सामानाची मांडामांड करायची सोय आपल्याला नाही. बॅग आतच ठेवून तिच्यातली एक साडी बदलू म्हटले, तर तेही नाही. बॅग बाहेर घ्या, साडी बदला, पुन्हा जमा करा.

ऑब्जेक्ट स्टोरेजही असेच चालते. जमा केलेली प्रत्येक फाईल म्हणजे एक बंद बॅग, तिला ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. ज्या सामानघरात ती ठेवायची त्याचे नाव ‘बकेट’. आणि बॅगेच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते तिचे पूर्ण नाव. पन्नास पानांच्या मजकुरात एका शब्दाची दुरुस्ती केलीत, तरी संपूर्ण फाईल नव्याने जमा होते.

मग फोल्डर कुठे असते? नेहमीच्या बकेटमध्ये ते नसतेच! ‘जुने फोटो/गणपती/आजोबा.जेपीजी’ हे एकाच बॅगेवरचे एकच लांबलचक नाव असते. त्यात तिरपी रेघ दिसली, की तिच्या आधीचा भाग फोल्डर आहे असे समजून फाईल मॅनेजर आपल्याला पिवळे पाकीट काढून दाखवतो. ते केवळ आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी. तुम्ही रिकामे फोल्डर तयार केलेत, तर बहुतेक प्रोग्रॅम शेवटी रेघ असलेल्या नावाची शून्य आकाराची एक फाईल तिथे ठेवून देतात. ती नसली, तर शेवटचा फोटो काढून घेताच फोल्डरही अदृश्य होते आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

नाव बदलताना आत काय घडते

आता मामांच्या गोष्टीतली गोम लक्षात येईल. बॅगेवरच्या चिठ्ठीवर खाडाखोड करता येत नाही. नाव बदला असे सांगितले, की सामानघरात त्या बॅगेची हुबेहूब दुसरी बॅग नव्या नावाने तयार होते आणि जुनी फेकून दिली जाते. फोल्डरचे नाव बदलायचे, तर आतल्या प्रत्येक फाईलच्या बाबतीत हे करावे लागते. २,६०० फोटो म्हणजे २,६०० नकला आणि २,६०० वेळा पुसणे. हे हुकूम मामांच्या संगणकावरचा प्रोग्रॅम एकामागून एक सोडत होता. वीज गेली तेव्हा १,४८० फोटो नव्या नावाखाली पोचले होते, १,१२० जुन्याच नावाखाली वाट पाहत होते. दोन्ही फोल्डर खरे होते आणि दोन्ही अर्धे होते.

पडद्यावर मात्र यातले काहीच दिसत नव्हते. घरच्या कपाटासारखेच पिवळे पाकीट, तीच टिचकी, तेच ‘नाव बदला’.

खिडकी की ड्राइव्ह?

आपल्या संगणकावरून अशा सामानघराशी जोडून घेण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग खिडकीचा. त्यासाठी स्वतंत्र फाईल मॅनेजर मिळतात. ‘सायबरडक’ हा मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालतो, मोफत आहे. विंडोजवरचा ‘विनएससीपी’ हाही मोफत, त्यात २०१८ पासून एस थ्रीची सोय आली. इथे खिडकीत सामानघरातल्या वस्तूंची यादी दिसते. वर चढवायचे ते आपण मुद्दाम चढवतो, उतरवायचे ते मुद्दाम उतरवतो. किती चढले, किती राहिले, कुठे अडले, हे समोर दिसते. नाव बदलण्याची तऱ्हा इथेही तीच, पण निदान आपण दूरच्या जागेशी देवघेव करतो आहोत याचे भान सुटत नाही.

दुसरा मार्ग ड्राइव्हचा. ‘माउंटन डक’ हा विकत मिळणारा प्रोग्रॅम किंवा ‘आरक्लोन’ हा मोफत प्रोग्रॅम सामानघरालाच झेडसारखा ड्राइव्ह बनवून नेहमीच्या फाईल मॅनेजरमध्ये आणून ठेवतो. विंडोजवर आरक्लोनला त्यासाठी ‘विनएफएसपी’ नावाचा आणखी एक मोफत जोड लागतो. आरक्लोनमध्ये आज्ञा टाईप कराव्या लागतात, त्यामुळे घरातल्या जाणत्या मुलामुलीची मदत घ्यावी. हा मार्ग दिसायला सोपा आणि म्हणूनच धोक्याचा. आपण दूरच्या सामानघरात आहोत हे विसरायला होते.

माझे मत विचाराल तर, घरचे फोटो आणि कागदपत्रे ठेवण्यासाठी खिडकीचा मार्ग बरा. फोटो बघायला सोपे जावे म्हणून ड्राइव्ह हवाच असेल, तर तो ‘फक्त वाचन’ या पद्धतीने जोडावा. तशी सोय या प्रोग्रॅममध्ये असते. मग चुकून नाव बदलत नाही, चुकून पुसलेही जात नाही.

आणि एक सरळ गोष्ट सांगते. ज्यांना फोटोंचा थोडाफार संग्रह ठेवायचा आहे, त्यांना या सामानघराच्या भानगडीत पडायची गरजच नाही. गूगल ड्राइव्हसारख्या तयार सेवेत पुसलेली फाईल ३० दिवस कचरापेटीत राहते. सामानघरात अशी कचरापेटी आपोआप मिळत नाही.

चावी किती दारांची?

सामानघराशी जोडताना आपला नेहमीचा पासवर्ड नव्हे, तर दोन भागांची एक चावी द्यावी लागते. एक भाग चावीचा क्रमांक, दुसरा तिचे गुपित. गुपिताचा भाग चावी बनवताना एकदाच दाखवला जातो. तेव्हाच नीट जपून ठेवला नाही, तर नवी चावी करण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. खात्याच्या मालकाचीच चावी बनवतात आणि ती फाईल मॅनेजरला देऊन मोकळे होतात. ही चावी घराच्या सगळ्या दारांना लागते. उद्या त्या संगणकात व्हायरस शिरला किंवा तो दुरुस्तीला टाकला आणि चावी दुसऱ्याच्या हाती पडली, तर तो फोटो पुसू शकतो आणि आपल्या खात्यावर नको ते उद्योग करून बिलही चढवू शकतो. म्हणून खात्यात एक वेगळा वापरकर्ता तयार करावा आणि त्याला एकाच बकेटपुरते अधिकार द्यावेत. यादी बघणे, फाईल उतरवणे, फाईल चढवणे, एवढे तीन अधिकार बहुतेकांना पुरतात. पुसण्याचा अधिकार मालकाकडेच राहू द्यावा. त्या चावीने नाव बदलता येणार नाही, कारण नाव बदलणे म्हणजे शेवटी जुने पुसणेच. तेवढी गैरसोय सोसावी.

बकेट सर्वांना खुली ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको. अमेझॉनने एप्रिल २०२३ पासून नव्या बकेट मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली आहे. फोटो कोणाला पाठवायचा म्हणून ते कुलूप काढू नका. फोटो उतरवून घ्या आणि पाठवा.

जोडताना अडते कुठे?

सगळे बरोबर भरूनही खिडकी उघडत नाही, अशी तक्रार पुष्कळांची असते. त्याची तीन कारणे मला वारंवार दिसली.

पहिले कारण, ‘परवानगी नाही’ असा निरोप. आपण एकाच बकेटची चावी दिलेली असते, पण जोडणी होताच फाईल मॅनेजर आधी विचारतो, ‘या खात्यात एकूण बकेट किती?’ ते विचारायचा अधिकार या चावीला नसतो, म्हणून दार बंद. लोक घाबरून चावीला सगळे अधिकार देऊन टाकतात. तसे करू नका. जोडणीच्या तपशिलात मार्ग किंवा ‘पाथ’ असा रकाना असतो, त्यात बकेटचे नाव लिहा. मग प्रोग्रॅम थेट त्याच दारी जातो.

दुसरे कारण ‘रीजन’. सामानघर कोणत्या गावी आहे ते प्रोग्रॅमला कळावे लागते. अमेझॉनचे मुंबईचे केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले, हैदराबादचे २०२२ मध्ये. बकेट मुंबईला आणि जोडणीत लिहिलेला पत्ता अमेरिकेचा, असे झाले की विनंती परत येते.

तिसरे कारण मोठे गमतीचे आहे. प्रत्येक विनंतीवर संगणक सहीबरोबर वेळही घालतो. एस थ्रीच्या घड्याळापेक्षा त्यात १५ मिनिटांहून अधिक फरक पडला, की विनंती नाकारली जाते. आता तुम्ही म्हणाल, ‘आमचं घड्याळ तर बरोबर आहे.’ दिसायला बरोबर असते! पुष्कळदा संगणकाचा टाइम झोन अमेरिकेचाच राहिलेला असतो आणि वेळ चुकीची दिसते म्हणून घरातल्या कोणीतरी काटे हाताने फिरवून आपली वेळ लावलेली असते. त्यामुळे पडद्यावर साडेदहा, पण संगणकाच्या हिशेबी ते साडेदहा अमेरिकेतले. टाइम झोन भारताचा करून वेळ आपोआप जुळू द्यावी, म्हणजे झाले.

‘ऱ’ची गंमत

मामांसारखी मराठी नावे देणाऱ्यांसाठी दोन शब्द. बकेटचे स्वतःचे नाव इंग्रजी छोट्या लिपीतच द्यावे लागते. ते ३ ते ६३ अक्षरांचे असते, त्यात देवनागरी चालत नाही. आतल्या फाईलींना मात्र मराठी नाव खुशाल द्या. फक्त फोल्डरांसह संपूर्ण नावाला १,०२४ बाइट इतकी मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. आपले प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, पाय मोडायची खूण यांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. म्हणजे आपल्या वाट्याला येतात सुमारे ३४१ चिन्हे. फोटोतल्या वीस जणांची आडनावांसकट नावे लिहायला गेलात, तर ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट, ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’. हा अर्धा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. एका कीबोर्डवर नुक्ता असलेल्या र पासून तो बनतो, तर दुसरीकडे साध्या र ला पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखेच दिसतात, पण सामानघर डोळ्यांनी वाचत नाही, बाइट जुळवून पाहते. म्हणून अर्धे फोटो फोनवरून आणि अर्धे संगणकावरून चढवले, तर ‘कऱ्हाड’ नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी उभी राहू शकतात! फोल्डरांची नावे साधी इंग्रजीत आणि फोटोंची मराठीत ठेवली, तर हा घोटाळा पुष्कळसा टळतो.

तारखेचेही लक्षात ठेवा. खिडकीतल्या यादीत दिसणारी तारीख ही फाईल जमा केल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. डिजिटल कॅमेऱ्याच्या फोटोत खरी तारीख आत नोंदलेली असते, ती जात नाही. जुन्या फोटोंच्या स्कॅनमध्ये मात्र ती नसते. म्हणून साल नावातच लिहावे, ही मामांची पद्धत सगळ्यात उत्तम.

बिल कशाचे येते?

‘एवढे ठेवायला फार पैसे पडत नाहीत,’ असे ऐकून लोक जातात आणि मग बिल बघून चकित होतात. सामानघराचे भाडे साधारणपणे तीन बाबींवर असते. किती जागा व्यापली, किती वेळा काही मागितले आणि किती माल बाहेर नेला. काही कंपन्या तिसऱ्या बाबीचे पैसे घेत नाहीत, क्लाऊडफ्लेअर त्यातली एक. दर बदलत राहतात, तेव्हा खाते काढण्यापूर्वी त्या दिवशीचा दरपत्रक वाचावा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरावा.

ड्राइव्ह जोडला असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या बाबीकडे खास लक्ष हवे. समजा, ५ एमबीचे ४०,००० फोटो आहेत, म्हणजे २०० जीबी. नुसती यादी मागवायची तर काम स्वस्तात होते, कारण एका मागणीत १,००० नावे येतात. चाळीस मागण्यांत सारे उरकते. पण फाईल मॅनेजरला फोटोंची छोटी चित्रे दाखवायची हौस असते. त्यासाठी तो प्रत्येक फोटो उघडून पाहू लागतो, म्हणजे ४०,००० मागण्या. त्यात फाईलचा काही भाग आणि पुष्कळदा अख्खी फाईल खाली उतरते. तुम्ही काही केले नाही, नुसते फोल्डर उघडून चहा करायला गेलात, तरी हे चालूच राहते. व्हायरस शोधणारा आणि फाईलींची सूची बनवणारा प्रोग्रॅम यांनाही हा ड्राइव्ह घरचाच वाटतो. म्हणून झेडवर छोट्या चित्रांऐवजी यादी दाखवायला सांगावे आणि या दोन्ही प्रोग्रॅमना झेडमधून वगळावे.

स्वस्त दराच्या ‘डीप आर्काइव्ह’सारख्या कोठारात ठेवलेली फाईल तर टिचकी मारून उघडतच नाही. आधी परत मागावी लागते आणि नेहमीच्या मागणीला १२ तासांपर्यंत वेळ लागतो. शिवाय १८० दिवसांच्या आत पुसली, तरी तेवढ्या दिवसांचे भाडे पडते.

मोठे व्हिडिओ चढवताना वीज किंवा नेट गेले, तर अर्धवट चढलेले तुकडे आतच पडून राहतात. यादीत दिसत नाहीत, पण भाडे चालू असते! अर्धवट तुकडे सात दिवसांनी काढून टाका, असा नियम बकेटला एकदाच लावून ठेवता येतो. तो जरूर लावावा.

पुसले तर परत मिळते का?

एस थ्रीविषयी अमेझॉन सांगते, की एक कोटी फाईली ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी गमवावी लागेल, इतक्या बेताने ती सेवा बांधली आहे. हे वाचून आपण निर्धास्त होतो. पण हा हिशेब त्यांच्या डिस्क बिघडण्याचा आहे. मालकाच्या चावीने ‘पुसा’ असा हुकूम गेला, तर कोणतेही सामानघर तो इमानेइतबारे पाळणार. त्यांना काय ठाऊक, मामांना काय म्हणायचे होते?

यावर उपाय आहे. त्याचे नाव ‘व्हर्जनिंग’. बकेट काढल्याबरोबर ते चालू करावे. मग पुसलेली फाईल खरोखर जात नाही, तिच्यावर फक्त ‘पुसली’ अशी खूण पडते. तीच फाईल नव्याने चढवली, तरी जुनी प्रत मागे राहते. खूण काढली, की फाईल पुन्हा हजर. जुन्या प्रतींचेही भाडे पडते, म्हणून त्या ९० दिवसांनी काढून टाका असा नियम घालावा. चुका लक्षात यायला तेवढे दिवस पुरतात. मी मामांच्या बकेटवर हेच केले नव्हते. दोन मिनिटांचे काम होते.

आणि व्हर्जनिंग असले तरी घरात दुसरी प्रत हवीच. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, दर महिन्याला तिच्यावर प्रत उतरवावी आणि कपाटात ठेवून द्यावी. क्लाऊडचे बिल भरायचे राहिले, कार्डाची मुदत संपली, तर खाते आधी थांबते आणि पुढे त्यातला मालही जातो. कपाटातल्या डिस्कला बिल येत नाही.

शेवटचे, पण घरच्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे. खाते कोणत्या कंपनीत आहे, कोणत्या ईमेलवर आहे, पासवर्ड आणि चावी कुठे ठेवली आहे, हे एका कागदावर लिहून विम्याच्या कागदांबरोबर ठेवा. हे सारे घरात एकाच माणसाला ठाऊक असते. तो माणूस अचानक गेला, तर पिढ्यान्पिढ्यांचे फोटो कुलपाआड राहतात आणि बिल थकले की कायमचे जातात.

मामांचे पुढे काय झाले?

फोन ठेवताना मामीने विचारले, ‘अगं, स्टुडिओवाल्याने एक पेन ड्राइव्ह दिला होता, तो चालेल का?’ तो त्यांनी शालूच्या घडीत ठेवला होता! मामांनी काम झाले म्हणून तो विसरून टाकला होता, मामीने पैसे देऊन आणलेली वस्तू म्हणून जपला होता.

फोटो परत आले. पण स्टुडिओने दिलेल्या फाईलींना नावे नव्हती, नुसते क्रमांक होते. मामांनी दोन हिवाळे लिहिलेल्या नावांपैकी १,१२० नावे गेली ती गेलीच.

आता मी बकेटवर व्हर्जनिंग चालू केले आहे, झेड ड्राइव्ह काढून टाकला आहे आणि मामांना नवी हार्ड डिस्क आणून दिली आहे. ते डिस्कवर काम करतात आणि रविवारी मी इथून फोनवर असताना खिडकीतून फोटो वर चढवतात. ‘किती चढले?’ ‘बत्तीस.’ ‘किती राहिले?’ ‘एकही नाही.’ असे म्हटल्याशिवाय आम्ही फोन ठेवत नाही.

नावे पुन्हा लिहिणे चालू आहे. मागच्या वेळी चेहरे ओळखायला मामांच्या मदतीला माझी थोरली मावशी होती. मामा फोनवर फोटोचे वर्णन करीत आणि ती पलीकडून नावे सांगत असे. मावशी गेल्या पावसाळ्यात गेली. मागच्या रविवारी मामांनी दोन फोटो बाजूला ठेवले. म्हणाले, ‘या दोन बायका कोण, ते ताईनं सांगितलं होतं. मी लिहिलंही होतं. आता आठवत नाही.’

त्या दोन फोटोंना सध्या क्रमांकच आहेत.